आकाशातील द्राविडी प्राणायाम

हेलसिंकी आणि टोकियो या दोन शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. जानेवारी २०२२ मध्ये फिनलंडच्या राजधानीतून निघालेले विमान साडेनऊ तासांच्या आसपास जपानच्या राजधानीत उतरत असे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात त्याच कंपनीच्या त्याच बनावटीच्या विमानाला हा प्रवास करण्यास तेरा तास लागू लागले. या दोन महिन्यांत पृथ्वी फुगली नव्हती, शहरे जागची हलली नव्हती आणि विमानांचा वेगही कमी झाला नव्हता. बदलली होती ती एकच गोष्ट. या दोन शहरांच्या मध्ये जो अवाढव्य देश पसरला आहे, त्याने आपल्या आकाशाचे दार लावून घेतले होते.

दोन विमानतळांमधील अंतर किती आणि प्रवासाला वेळ किती, हा प्रश्न वरवर पाहता शाळकरी गणिताचा वाटतो. अंतराला वेगाने भागावे आणि उत्तर मांडावे. प्रत्यक्षात या गणितात भूगोल आहे, हवामान आहे, आंतरराष्ट्रीय कायदा आहे आणि अलीकडच्या काळात सर्वांत मोठा वाटा राजकारणाचा आहे. त्या राजकारणाची किंमत जो मोजतो त्याचा त्या भांडणाशी बहुधा काडीचाही संबंध नसतो. म्हणूनच या विषयाचा विचार वैमानिकांवर आणि मुत्सद्द्यांवर सोडून चालणार नाही.

पृथ्वीचा गोल आणि भिंतीवरचा नकाशा

वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना जोडणारी रेघ ओढली तर ती अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक महासागर यांच्यावरून जाते. परंतु पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांवर दोरा ताणून धरला तर तो वेगळेच काही सांगतो. तो सिंध प्रांतावरून अफगाणिस्तानात, तेथून मध्य आशियात, पुढे रशियावरून स्कँडिनेव्हियाकडे जातो आणि उत्तर अटलांटिक ओलांडून अमेरिकेत उतरतो. गोलावरील हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचा हा मार्ग ज्या प्रदेशांवरून जातो त्यांची नावे नुसती वाचली, तरी गेल्या काही वर्षांत तो सलग मोकळा मिळणे किती दुरापास्त झाले आहे हे ध्यानात येते.

निसर्गाचा दुसरा नियम वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात. मुंबईहून लंडनला जाताना जितका वेळ लागतो त्याहून परतीला कमी लागतो, तो या वाऱ्यांमुळेच. या नियमाचा सुंदर उपयोग ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने करून दाखविला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून जाणारा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. कंपनीने तो सोडून पॅसिफिकवरून जाणारा सुमारे १५,३०० किलोमीटरचा मार्ग धरला. चौदाशे किलोमीटर अधिक उडूनही विमान सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोहोचले. वारा पाठीशी असला की लांबची वाटही जवळची होते. या वळशामागे हिशेब होता आणि त्यात लाभ होता. हेलसिंकीच्या विमानाला जो वळसा पडला त्यात हिशेब नव्हता. तो केवळ भुर्दंड होता.

आकाश कोणाचे?

समुद्राच्या बाबतीत मानवजातीने फार पूर्वीच असे ठरविले की, किनाऱ्यालगतचा पट्टा त्या त्या देशाचा आणि त्यापलीकडचे पाणी सर्वांचे. आकाशाच्या बाबतीत जमिनीपुरता निर्णय नेमका उलट झाला. पहिल्या महायुद्धात विमानांतून बॉम्ब पडलेले युरोपने पाहिले होते. त्यामुळे १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाची सत्ता त्याच्या भूमीवरील आकाशातही पूर्ण असल्याचे मान्य करण्यात आले. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या कराराने पहिल्याच कलमात हेच तत्त्व पुन्हा मांडले आणि आजही सारी नागरी विमानवाहतूक त्याच पायावर उभी आहे. त्याबरोबरच एक पूरक करारही झाला. न उतरता हद्दीवरून जाणे आणि केवळ इंधनासारख्या कारणासाठी उतरणे, हे दोन हक्क त्यात सामील होणाऱ्या देशांनी एकमेकांना दिले. भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश त्यात सहभागी आहेत. सोव्हिएत संघ मात्र शिकागोच्या परिषदेकडे फिरकला नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेत तो आला १९७० साली, आणि तो पूरक करार ना त्याने स्वीकारला ना त्याचा वारस असलेल्या रशियाने.

याचा अर्थ असा की, जगातील सर्वांत विस्तीर्ण देशाच्या आकाशातून जाणे हा कोणाचाही हक्क नाही. ती त्या देशाची मर्जी आहे, आणि मर्जी फिरण्यास फारसे निमित्त लागत नाही.

सैबेरियाचे दार

या मर्जीचा इतिहास उद्बोधक आहे. फेब्रुवारी १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियोची सेवा सुरू केली, ती सैबेरिया बंद असल्यामुळे. उत्तर ध्रुवाजवळून जाणारा हा प्रवास सुमारे ३२ तासांचा होता आणि दक्षिण आशियातून थांबत थांबत जाण्यापेक्षा तो बराच लवकर संपे. त्यामुळे अँकरेज हे आडबाजूचे गाव युरोप आणि जपान यांच्यामधील वर्दळीचे ठाणे बनले. १९८३ साली फिनलंडच्या फिनएअर कंपनीने हेलसिंकीहून थेट टोकियोला न थांबता जाणारे विमान सुरू केले. तेही ध्रुवावरून आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून, सोव्हिएत हद्द टाळून जात असे. त्याला वेळ लागे सुमारे तेरा तास.

पुढे शीतयुद्ध ओसरले, सैबेरियावरील मार्ग मोकळे झाले आणि अँकरेजचे प्रवासी वैभव ओसरले. हे दार फुकट मात्र उघडलेले नव्हते. सैबेरियावरून जाण्याबद्दल युरोपीय कंपन्यांना एअरोफ्लोट या रशियन कंपनीला मोठ्या रकमा द्याव्या लागत. केवळ हद्दीतून जाण्याच्या हक्काबद्दल आकार घेऊ नये, असे शिकागो करार सांगतो. त्याचा आधार घेऊन युरोपीय संघ वर्षानुवर्षे तक्रार करीत राहिला, पण पैसेही भरीत राहिला. या व्यवस्थेवर विसंबून फिनएअरने आपला सारा व्याप उभारला. युरोपातून पूर्व आशियात जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता हेलसिंकीवरून जातो, ही भूगोलाने दिलेली देणगी म्हणजेच त्या कंपनीचे भांडवल होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने २७ फेब्रुवारीस रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने ३६ देशांच्या विमानांना बंदी घातली. एका रात्रीत ते भांडवल बुडाले. फिनएअरची विमाने कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे जाऊ लागली आणि प्रवासाची वेळ पुन्हा तेरा तासांवर गेली. १९८३ साली तेरा तास आणि २०२२ साली तेरा तास! मधल्या चाळीस वर्षांत विमाने अधिक कार्यक्षम झाली, पण प्रवासी होता तेथेच परत येऊन पोहोचला. ज्यांच्यावर ही बंदी नव्हती त्या चीनच्या कंपन्या मात्र सैबेरियावरूनच युरोपला जात राहिल्या. कमी वेळ, कमी इंधन आणि म्हणून कमी भाडे, असा त्यांचा आयता लाभ झाला. दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ ही म्हण आकाशातही खरी ठरली.

उपखंडातील अनुभव

हे सारे दूरच्या देशांत घडते असे भारतीयांना समजण्याचे कारण नाही. आकाश बंद करण्याचा या शतकातील सर्वांत परिचित प्रयोग घडला तो याच उपखंडात, आणि त्याचे मूळ मागच्या शतकात आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे ते जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून जाण्यास बंदी केली. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग भारताच्या दोन अंगांना होते. कराची आणि ढाका यांमधील सरळ अंतर जेमतेम २,४०० किलोमीटर. बंदीनंतर पाकिस्तानी विमानांना संपूर्ण भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून श्रीलंकेमार्गे जावे लागले आणि अंतर दुपटीच्या घरात गेले. एकाच देशाच्या दोन प्रमुख शहरांमधील वाट अशी लांबल्याचे परिणाम पुढील काही महिन्यांत किती दूरवर पोहोचले, हे इतिहासाला ठाऊक आहे.

पाकिस्तानने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या मंडळापुढे नेले. मंडळाला यात अधिकारच नाही, असे म्हणत भारत हेगच्या न्यायालयात गेला. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यायालयाने बहुमताने भारताचे म्हणणे फेटाळले आणि मंडळाचा अधिकार मान्य केला. या निर्णयाचे महत्त्व त्या भांडणापुरते राहिले नाही. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहारिन आणि इजिप्त यांनी २०१७ मध्ये कतारच्या विमानांना बंदी केली, तेव्हा हाच वाद पुन्हा उभा राहिला आणि जुलै २०२० मध्ये त्याच न्यायालयाने १९७२ चाच मार्ग अनुसरला. भारत आणि पाकिस्तान यांची विमाने मात्र न्यायनिवाड्याने नव्हे, तर वाटाघाटींनी १९७६ साली पुन्हा एकमेकांच्या हद्दीत जाऊ लागली.

पुढे बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी आकाश बंद केले आणि १६ जुलैला उघडले. त्यातील २ जुलैपर्यंतच्या काळात एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे राज्यसभेत सांगण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांचे हत्याकांड झाले. त्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांना बंदी केली. महिन्यामागून महिना दोन्ही बाजूंनी मुदत वाढविली गेली.

या बंदीचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे नव्हे, अल्माटीचे आहे. दिल्ली ते कझाकस्तानमधील अल्माटी हे अंतर सुमारे १,६५० किलोमीटर, म्हणजे दिल्ली-बंगळूर अंतराहूनही थोडे कमीच. पण मध्ये पाकिस्तानची हद्द आणि हिमालय. बंदीनंतर जो वळसा घालावा लागला असता तो आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर आहे, असे सांगून इंडिगो कंपनीने एप्रिल २०२५ च्या अखेरीस अल्माटी आणि ताश्कंद या दोन्ही शहरांची उड्डाणे स्थगित केली. मध्य आशियाशी जवळीक साधण्याच्या गोष्टी भारत अनेक वर्षे करीत आहे. त्या मध्य आशियातील शेजारचे शहर एका दिवसात पल्ल्याबाहेर गेले.

भुर्दंड कोणावर?

वळशाचा खर्च अंतराच्या प्रमाणात वाढतो असे नाही. तो त्याहून वेगाने वाढतो. लांब पल्ल्याचे मोठे विमान ताशी सुमारे सहा ते सात टन इंधन जाळते. साडेतीन तासांचा वळसा म्हणजे वीस टनांहून अधिक इंधन. हे जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. विमानाच्या वजनाला मर्यादा असल्याने तेवढा माल किंवा तेवढे प्रवासी कमी घ्यावे लागतात, अथवा वाटेत उतरून टाकी भरावी लागते. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे असे उतरावे लागले. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर बंधन असते, त्यामुळे जादा कर्मचारी लागतात. एक विमान पूर्वी जितक्या फेऱ्या करी तितक्या त्याच्याने होत नाहीत. ही बंदी वर्षभर टिकली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज एअर इंडियाने एप्रिल २०२५ मध्ये सरकारला कळविला होता.

बंदी घालणाराही सुटत नाही. हद्दीवरून जाणाऱ्या विमानांना मार्गदर्शन आणि दळणवळणाच्या सेवेबद्दल आकार भरावा लागतो आणि तो रास्त आहे. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या अवघ्या दोन महिन्यांत पाकिस्तानचे सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न बुडाल्याची माहिती तेथील संसदेला देण्यात आली.

परंतु कंपन्यांचा तोटा आणि सरकारांची तूट या शेवटी कागदावरच्या गोष्टी होत. हा भार उतरतो तो तिकिटावर. शिक्षणासाठी कर्ज काढून परदेशी निघालेला विद्यार्थी, मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच विमानात पाऊल ठेवणारी आई, आखातातून किंवा अमेरिकेतून आजारी वडिलांना भेटायला धावणारा नोकरदार, यांना ना सैबेरियाचे राजकारण ठाऊक असते ना शिकागोचा करार. त्यांना इतकेच कळते की भाडे वाढले आणि वेळही वाढला. रेड्यांच्या टकरीत झाडाचा चुराडा होतो तो असा.

उघडे काय आणि बंद काय?

आकाश बंद करण्याचे समर्थन सहसा सुरक्षिततेच्या नावाने केले जाते. म्हणूनच त्याच कसोटीवर अलीकडचा इतिहास तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. १७ जुलै २०१४ रोजी मलेशियाचे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडण्यात आले आणि २९८ माणसे प्राणास मुकली. तेथे खाली युद्ध चालू होते. तरीही आकाश ३२,००० फुटांपर्यंतच बंद होते आणि विमान ३३,००० फुटांवरून चालले होते. त्या दिवशी त्या प्रदेशावरून १६० प्रवासी विमाने गेली होती. हे आकाश पूर्ण बंद करण्यास पुरेसे कारण होते, असा निष्कर्ष नेदरलँड्सच्या सुरक्षा मंडळाने २०१५ मध्ये काढला. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने शेजारील इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागली. त्यानंतर काही तासांतच तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडले आणि १७६ जण दगावले. त्या पहाटे तेहरानचा विमानतळ प्रवाशांसाठी उघडा होता.

याउलट सैबेरियाच्या बर्फाळ पठारावर किंवा सिंधच्या वाळवंटावर नेहमीच्या दिवशी प्रवासी विमानाला कोणता धोका असतो? तसा तो असता तर इतर देशांच्या विमानांनाही तेथे मनाई असती. तात्पर्य, जे आकाश बंद असायला हवे होते ते उघडे राहिले आणि जे उघडे असायला हरकत नव्हती ते बंद झाले. धोका असताना दार उघडे ठेवण्यात उत्पन्न असते आणि सारे आलबेल असल्याचा देखावा करता येतो. राग आला असता दार लावण्यात निश्चयाचे प्रदर्शन असते. दोन्ही वेळी प्रवाशाचा विचार शेवटी होतो.

दुसरी बाजूही तितकीच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आकाश बंद करणे हे रक्त न सांडता नापसंती दाखविण्याचे साधन आहे आणि युद्धापेक्षा ते केव्हाही बरे, असे म्हणता येते. पहलगामसारख्या क्रौर्यानंतर कोणत्याही सरकारने व्यवहार पूर्ववत ठेवावेत अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला सोडून होईल. नाक दाबल्याखेरीज तोंड उघडत नाही, हेही खरे. परंतु येथे नाक कोणाचे दाबले जाते हा प्रश्न उरतोच. तीन वर्षांहून अधिक काळ सैबेरिया बंद ठेवून रशियाने युरोपचे धोरण बदलले नाही आणि महिन्यामागून महिना मुदत वाढवूनही उपखंडातील तिढा त्यामुळे सुटला नाही.

भारताची स्थिती तर दुहेरी आहे. पाकिस्तानच्या बंदीची झळ त्याला बसली. रशियाच्या बंदीत मात्र त्याचे नाव नव्हते. म्हणून जेथून अमेरिकी विमाने जाऊ शकत नव्हती तेथून एअर इंडियाची विमाने जात राहिली. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीला २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-न्यूअर्क सेवा स्थगित करावी लागली, तेव्हा त्याचा लाभ भारतीय कंपनीला होणे स्वाभाविक होते. पण लाभालाही धोक्याची किनार असते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी त्या दूरच्या गावी अडकले. दुसरे विमान मुंबईहून पाठवून त्यांना पुढे नेईपर्यंत दोन दिवस गेले. एका तांत्रिक बिघाडाने प्रवासी महासत्तांच्या वादाच्या ऐन सीमेवर जाऊन पडतात, ते असे.

काय करता येईल?

सार्वभौमत्वाचा त्याग कोणताही देश करणार नाही आणि तशी मागणीही वेडेपणाची ठरेल. परंतु अस्तित्वात असलेले नियम पाळण्याची मागणी वेडेपणाची नाही. शिकागो कराराचे नववे कलम देशांना आकाशावर निर्बंध घालू देते, पण त्यात राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करू नये असेही बजावते. युद्ध आणि आणीबाणी यांसाठी वेगळी सवलत आहे, तिचा अर्थ मात्र हवा तसा ताणला जातो. निर्बंध घालणाऱ्या देशाने त्याचे कारण आणि मुदत आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे मांडावी, मुदतवाढ यांत्रिकपणे न करता प्रत्येक वेळी नव्याने सकारण करावी आणि त्या कारणांची तपासणी तटस्थ मंडळाने करावी, इतके तरी साधता येण्याजोगे आहे. त्याहून अधिक निकडीची गोष्ट अशी की, क्षेपणास्त्रे उडत असलेले आकाश बंद करण्याचा निर्णय केवळ त्याच्या उत्पन्नावर जगणाऱ्या सरकारच्या हाती राहू नये.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल. परंतु १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान साखालिनजवळ पाडले आणि २६९ माणसे गेली, तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात होते. तशा काळातही अवघ्या आठ महिन्यांत, मे १९८४ मध्ये, उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये अशी दुरुस्ती शिकागो करारात संमत झाली. ती अमलात येण्यास १९९८ साल उजाडले आणि पुढेही तिचा भंग झाला, हे मान्य करूनही नियम आणि नियमभंग यांतील रेषा त्या दुरुस्तीने स्पष्ट केली, हे नाकारता येत नाही. त्यासाठी २६९ जणांचे प्राण जावे लागले. पुढच्या दुरुस्तीसाठी जगाने तशाच दुर्घटनेची वाट पाहावी काय, हा आजचा प्रश्न आहे.

तोवर भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट मुलांना जरूर दाखवावी. त्या वाटेने विमान का जात नाही, असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याचे उत्तर भूगोलाच्या तासाला न देता नागरिकशास्त्राच्या तासाला द्यावे लागेल.